तिसऱ्या हाकेच्या आत

६ जानेवारी १९९७, सोमवार. दाढीच्या जुन्या ब्रशने फ्लॉपी ड्राइव्हमधली राख काढत होते. परळीत हे काम सारखंच करावं लागायचं. खिडक्या बंद ठेवा, मशीनवर प्लास्टिकची कव्हरं घाला, तरी औष्णिक केंद्राची ती करडी, बारीक राख आत शिरायचीच. क्लासला येणाऱ्या पोरापोरींना मी पहिल्या दिवशी कीबोर्ड नाही, ब्रश दाखवायचे. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते, हा माझ्या क्लासचा पहिला नियम होता.

ब्रश हातात असतानाच मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, मुनीमजी दारात आले. ते ज्यांच्याकडे कामाला होते त्या शेटजींची आडत आणि डाळमिल होती, आणि त्यांच्या तूर खरेदीचा प्रोग्राम मी करत होते. मुनीमजी चपला काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि निरोप सांगितला. संक्रांत पुढच्या मंगळवारी, बुधवारी किंक्रांत, गुरुवारी सौदे जोरात सुरू. गुरुवारी मशीन बोललं पाहिजे, नाहीतर शेटजी पुण्याच्या कंपनीला बोलावणार. एवढं सांगून त्यांनी माझ्या हातातल्या ब्रशकडे बघितलं आणि विचारलं, हे पण शिकवता का.

मशीन बोललं पाहिजे म्हणजे काय, ते सांगायला हवं. मोंढ्यात दुकानांसमोरच्या ओट्यांवर तुरीचे ढीग लागतात. हराशीवाला, म्हणजे लिलाव पुकारणारा, एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर जातो आणि त्याच्यामागे खरीददारांचा घोळका. भाव चढत चढत एका जागी थांबला की तो भाव हराशीवाला तीनदा पुकारतो. तिसऱ्या हाकेला ढीग गेला. शेटजी त्या घोळक्यात उभे असायचे. मशीन दुकानात. दोघांच्या मध्ये, दुकानाच्या पायरीवर, मुनीमजी. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, ती पद्धत बंद झाली, पण बोटांची सवय राहिली होती. मुनीमजींनी एका बाजूला मान वळवून स्क्रीन बघायचा, दुसरीकडे वळून शेटजींना बोटं दाखवायची. इथपर्यंत जा, पुढे नको.

ती मर्यादा काढायला गावाचा उतारा लागायचा. एका क्विंटल तुरीतून किती डाळ निघते तो उतारा, आणि तो गावागावाला वेगळा. शेटजींकडे मागच्या हंगामांतल्या हजारो ढिगांची नोंद होती. ती सगळी मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनींनी मशीनमध्ये भरली होती. ढीग समोर आला की त्या गावाचे जुने सगळे ढीग शोधायचे, सरासरी काढायची, त्यातून ओल वजा करायची, सकाळी फोनवर आलेला डाळीचा भाव लावायचा, मिलचा खर्च वजा करायचा आणि आकडा दाखवायचा.

हे मी फॉक्सप्रो या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं होतं, कारण ते मला चांगलं येत होतं. मागच्या आठवड्यात दुकानात चालवून बघितलं. शेटजींचं मशीन जुनं, मेमरी तुटपुंजी. प्रत्येक ढिगाला डिस्क कुरकुरायची आणि आकडा येईपर्यंत घोळका पुढच्या ओट्यावर पोहोचलेला असायचा. शेटजींनी तेव्हा आवाज चढवला नव्हता. फक्त म्हणाले होते, "बाई, आकडा बरोबर हाय. पण ढीग गेला त्याचा हाय. गेलेल्या ढिगाचा आकडा मला तोंडपाठ असतोय."

या कामावर माझं बरंच अवलंबून होतं. नवऱ्याची नोकरी औष्णिक केंद्रात, बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये, आणि बदली विदर्भात होणार हे जवळपास ठरलेलं. मी आधी एका साखर कारखान्यात ऊसबिलांचे प्रोग्राम लिहायचे. ती नोकरी सुटल्यावर क्लास काढला. नुसता क्लास असता तर तो बंद करून मीही ट्रंका भरल्या असत्या, क्लास कुठेही काढता येतो. पण शेटजींचा प्रोग्राम चालला तर मोंढ्यातली आणखी दुकानं येणार होती. तसं दोघा दुकानदारांनी बोलूनही दाखवलं होतं. मग मी इथे राहणार, नवरा एकटा विदर्भात जाणार, असं आमचं ठरलं होतं. प्रोग्राम पडला तर पुन्हा कोणाच्या तरी गावात ओळख नसलेली बाई म्हणून पहिल्यापासून सुरुवात. माझं चाळिशी ओलांडलेलं वय. मला ते नको होतं.

मुनीमजी गेल्यावर मी पुण्याला धाकट्या भावाला एसटीडी लावला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि परदेशातल्या शेअरबाजाराचं काही काम करत होता. त्याने ऐकून घेतलं आणि हसला.

"ताई, फॉक्सप्रोमध्ये शाळेची फी लिहितात. सी मध्ये कर. सगळा डेटा आधीच मेमरीत घे, आकडा लगेच येईल."

"आणि चुकीचा आला तर?"

"चुकीचा कशाला येईल? नीट लिही."

त्याच्याकडे चूक झाली तर बघायला दहा जण होते. माझ्याकडे मी होते. तरी त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सी मी शिकले होते, क्लासमध्ये थोडं शिकवतही होते, पण शिकवण्यापुरतं. विहिरीच्या काठावर उभं राहून पोहणं शिकवणारे असतात, तशातली गत.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या बॅचला सुट्टी दिली आणि लिहायला बसले. वीज गेली की कागदावर लिहायचं, आली की टाइप करायचं. तीन दिवसांत चालणारं काहीतरी झालं. भावाचं खरं निघालं. गावाचा नंबर दाबला की बोट उचलायच्या आत आकडा. मी उगीचच वेगवेगळी गावं दाबत बसले. आनंद झाला, नाही म्हणत नाही.

मग एक नंबर दाबला आणि आकडा आला, आणि मी यादी उघडून बघितली. त्या नंबराचं गावच नव्हतं. गावांची यादी त्याच्या आधीच्या नंबरावर संपत होती. मी मेमरीत जेवढ्या जागा धरल्या होत्या त्याच्या एक जागा पुढे जाऊन प्रोग्रामने तिथे जे काही पडलं होतं ते वाचलं, त्यालाच उतारा समजला, त्यातून ओल वजा केली, खर्च वजा केला आणि मला व्यवस्थित दोन दशांश स्थळांपर्यंत मर्यादा दाखवली. आकडा वेडावाकडा असता तर कोणालाही कळलं असतं. तो अगदी शेजारच्या गावासारखा दिसत होता.

ही चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरली. भीती त्या ओळीने गेली नाही. फॉक्सप्रो चुकलं की थांबतं आणि पडद्यावर चूक लिहून दाखवतं. सी चुकलं तरी बोलत राहतं. ही चूक मला सापडली कारण माझं बोट योगायोगाने तिथे पडलं. न सापडलेल्या किती असतील? गुरुवारी मुनीमजी पायरीवरून अशाच एका आकड्याची बोटं दाखवणार आणि शेटजी भर मोंढ्यात, सगळ्यांच्या देखत, कचरा तूर सोन्याच्या भावात उचलणार. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या चहाच्या टपरीपर्यंत गेली असती. बाईच्या मशीनने शेटजीला बुडवलं.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे भाकरी मोडत होते. मी विचारलं, तुमच्याकडे मीटर चुकीचा आकडा दाखवायला लागलं तर काय करता?

"चुकीचा आहे हे कसं कळणार?"

"तेच विचारते आहे."

"एका जागी दोन-तीन मीटर असतात. त्यांचं आपसात जुळलं नाही की युनिट बंद पडतं. आपोआप. मग वरचे साहेब ओरडतात." त्यांनी आमटी वाढून घेतली. "शंका आली तर बंद. चालू ठेवून विचार करत बसायचं नाही. बॉयलर आहे तो."

सल्ला द्यायला म्हणून ते बोलले नव्हते, पण मी ताटावरून उठून ते लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्रोग्राममध्ये पहारे बसवले. उतारा सर्वसाधारण हद्दीबाहेर गेला तर आकडा नाही. गावाचे जुने ढीग फार थोडे असतील तर आकडा नाही. सरासरी दोन वेगळ्या रस्त्यांनी काढायची, दोन्ही जुळल्या नाहीत तर आकडा नाही. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. प्रोग्राम थोडा सुस्त झाला, पण तिसऱ्या हाकेच्या खूप आत होता.

शनिवारी दुकानात चाचणी घेतली. संक्रांतीच्या आधी नवीन काम सुरू करायचं नाही हा शेटजींचा नेम, पण ते म्हणाले, बघायला काही मुहूर्त लागत नाही. आवक कमी होती. पहिला ढीग लागला, मी नंबर दाबला, आकडा आला. मुनीमजींनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खिशातून पेन काढलं आणि तळहातावर हिशोब मांडायला लागले. बाहेर शेटजी मान वळवून वळवून पायरीकडे बघत होते. हराशीवाल्याची तिसरी हाक झाली, ढीग दुसऱ्याच कोणीतरी घेतला. मुनीमजींचा हिशोब तेव्हा अर्ध्यावर होता.

दुसऱ्या ढिगाला तेच, तिसऱ्याला तेच. मी दातओठ खात म्हटलं, मुनीमजी, बोटं दाखवा. ते म्हणाले, "दाखवतो, दाखवतो. आधी बघू तर द्या." आणि पुन्हा तळहात.

हराशी उरकल्यावर शेटजी आत आले आणि गादीवर बसले.

"पहिली मशीन उशिरा बोलायची," ते म्हणाले. "आता मशीन बोलती तर माणूस बोलंना. कावून हो, मुनीमजी?"

मुनीमजी खाली बघत म्हणाले, "शेटजी, हिनं हिशोब केलाच न्हाई. आधीच ठरवून ठेवल्यासारखं बोलती. इतक्यात हिशोब होत असतोय व्हय?"

"मग मागची बरी होती?"

"ती निदान कुरकुरायची तरी. काम करती असं वाटायचं."

शेटजी हसले, पण मला उद्देशून जे बोलले ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गुरुवारी असं झालं तर पुण्याला फोन जाईल, आणि त्यात रागाचं काही नाही, धंदा आहे.

घरी येताना माझ्या डोक्यात मुनीमजींबद्दल फार वाईट शब्द होते. घरी पोहोचेपर्यंत ते ओसरले, कारण मला एक साधी गोष्ट दिसली. तो आकडा माझा मलाही पटत नव्हता, म्हणून तर मी पहारे बसवले होते. मग त्या माणसाने का मानायचा? शेटजींसमोर बोटं त्याची वर जाणार होती, माझी नाही. चुकलं तर आधी त्याला विचारणार.

भोगीला मोंढा बंद होता. मी बाजरीची भाकरी आणि भाजी करून झाल्यावर मुनीमजींच्या घरी गेले. त्यांच्या घरच्या बाईंनी मला बसवून तिळाची वाटी पुढे केली आणि स्वतः तीळ निवडत बसल्या. मी मुनीमजींना विचारलं की काय दिसलं तर तुमचं बोट उठेल. त्यांना आधी तो प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, नुसती मर्यादा सांगू नका, ती कशी आली ते दाखवा. उतारा किती धरला, ओल किती, खर्च किती.

"एवढं सगळं वाचायला वेळ कुठे आहे?"

"सगळं न्हाई वाचणार. उतारा तेवढा बघणार. तो पटला की बाकी वजाबाकी हाय, ती कोणीबी करतंय."

तीळ निवडता निवडता बाई म्हणाल्या, "ह्यांचं असंच असतंय. मी भाजीचा भाव सांगितला तरी पिशवी उघडून बघतेत."

मी तिथेच त्यांना काही गावांचे उतारे विचारले. बहुतेक जुळले. दोन ठिकाणी त्यांचा आकडा आणि मशीनचा आकडा वेगळा निघाला. एका गावाला ते दोन हंगामांपूर्वीचा चांगला उतारा धरून बसले होते, मागच्या वर्षी तिथे तूर पोचट झाली होती. दुसऱ्या गावाला माझ्या विद्यार्थिनीने एक ढीग चुकून दोनदा भरला होता. एक चूक त्यांची, एक आमची. मुनीमजींना ही वाटणी आवडली असावी, कारण त्यांनी त्यानंतर चहा मागवला.

तोपर्यंत मी भाषेबद्दल भांडत होते ते एकटीच, आणि एकच निवडायची असं धरून. फॉक्सप्रो की सी. हळू आणि सावध, की झटपट आणि बेदरकार. संक्रांतीच्या दिवशी, तिळाच्या पोळ्या तव्यावर असताना, मला वाटलं की दोघांना एकाच कामाला बांधायची सक्ती कोणी केली आहे? नोंदी फॉक्सप्रोतच भरायच्या. तिथे घाई नाही, चूक झाली तर ते थांबतं, वीज गेली तरी भरलेलं बहुतेक वाचतं. हराशीच्या आधी सगळ्या गावांचे उतारे त्यानेच काढून एका फाइलमध्ये ठेवायचे. सी ने ती फाइल उघडायची, मेमरीत घ्यायची आणि हराशीत उत्तर द्यायचं. वाचायचं फक्त. एक अक्षरही लिहायचं नाही. वीज गेली तरी त्याच्याकडे हरवण्यासारखं काही नाही, आणि ते बिघडलं तरी नोंदींना हात लागणार नाही. सकाळी दाणे मोजायला एक आणि दुपारी हाक ऐकायला एक.

भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण दोन भाषा सांभाळशील का. मी म्हटलं, घरात सासरची आणि माहेरची सांभाळतेच आहे. एक पोळी करपली तेवढ्यात.

किंक्रांतीला कोणी काही नवीन करत नाही, म्हणून मला कोणाचा व्यत्यय आला नाही. पडद्यावर उतारा मोठ्या आकड्यांत वर आणला, खाली ओल आणि खर्च, तळाला मर्यादा. संध्याकाळपर्यंत मी यादीतलं प्रत्येक गाव दाबून मुनीमजींना दाखवलं. ते प्रत्येकाला मान हलवत गेले. पण यादीतलं प्रत्येक गाव तपासता येतं, यादीबाहेरचं काय येईल ते तपासता येत नाही.

गुरुवारी मोंढा भरला. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेंपो, ओट्याओट्यांवर ढीग. मी मशीनपाशी, मुनीमजी पायरीवर, शेटजी घोळक्यात. पहिला ढीग. नंबर, उतारा. मुनीमजींनी उताऱ्यावर नजर टाकली आणि बोटं वर गेली. ढीग शेटजींना मिळाला. मी श्वास सोडला नाही, कारण घोळका पुढच्या ओट्यावर होता. दुसरा मिळाला, तिसरा सोडून दिला, चौथा मिळाला. पेन मुनीमजींच्या खिशातच होतं.

मग एक मोठा ढीग आला, दिसायला झकास, टपोरा दाणा. शेतकरी लिंबागणेशकडचा. एवढ्या लांबून तूर परळीला आणण्याचं त्याचं कारण काय होतं ते मला माहीत नाही, मुलगी इथे दिली असेल. त्या गावाचा आमच्याकडे एकही ढीग नव्हता. यादीबाहेरच्या गावांसाठी ठेवलेला नंबर मी दाबला. रेघा आल्या.

मुनीमजी माझ्याकडे बघायला लागले. बाहेर भाव चढत होता. "बाई, काय दाखवू?"

"काही नाही."

"काही न्हाई कसं दाखवू?"

शेजारच्या गावाचा उतारा लावून आकडा काढणं मला दोन बटणांचं काम होतं. शेजारी गाव, तीच काळी जमीन, फार फरक नसता. पहिली हाक झाली. माझं बोट कीबोर्डवर होतं. शेटजी वळून पायरीकडे बघत होते, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन-तीन व्यापारीही. दुसरी हाक. मी बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला.

"आपल्याला माहीत नाही," मी म्हटलं. "तेच दाखवा."

मुनीमजींनी मूठ आवळली आणि तशीच वर धरली. अशी खूण ठरलेली नव्हती. शेटजींनी ती बघितली, ओंजळभर तूर उचलली, एक दाणा दाताखाली फोडला, एक बोली वाढवली आणि थांबले. ढीग पलीकडच्या आडतीला गेला.

त्यानंतरचे ढीग कसे गेले ते मला नीट आठवत नाही. मी नंबर दाबत होते आणि त्या मुठीचा विचार करत होते. तो ढीग चांगला निघाला की वाईट, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तो घेणारा आम्हाला थोडाच सांगणार.

हराशी संपल्यावर शेटजी आत आले, पाणी प्यायले आणि गादीला टेकले. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"येत न्हाई त्याला येत न्हाई म्हणती. हे बरं हाय," ते म्हणाले. "आमच्या मुनीमजींना तीस वर्षांत हे जमलं न्हाई."

"आज जमलं की," मुनीमजी म्हणाले.

शेटजींनी पुण्याचं नाव काढलं नाही. उठताना एवढंच विचारलं की हंगामभर सकाळी हराशीच्या आधी कोण येऊन फाइल तयार करणार. मी येईन म्हटलं.

घरी आले तर हे बदलीच्या तयारीला म्हणून माळ्यावरच्या ट्रंका खाली काढत होते. किती काढू, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यापुरती एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासच्या दाराला पाटी लावली, सकाळची बॅच आता दुपारी भरेल म्हणून. दाढीचा ब्रश पर्समध्ये टाकला आणि मोंढ्यात गेले. शेटजींच्या मशीनवर रात्रभरात राख बसली होती.